वाचनालयाचं संकेतस्थळ सौरऊर्जेवर चालवायचंय, पाटीवर काय लिहावं? (मदत हवी आहे)

पागोळी:

नमस्कार मंडळी,

चिपळूण तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाचं कामकाज मी बघते. पाच वर्षांपूर्वी आम्ही जुने अंक स्कॅन करायला घेतले. त्यात गावातल्या मुलांनी काढलेलं एक हस्तलिखित मासिक आहे. बोरूने लिहिलेलं, शाई तांबूस झालेली, कडेला कसरीने जाळी केलेली. पानं उलटताना खाली पांढरा कागद धरावा लागायचा, नाहीतर तुकडे फरशीवर पडायचे. आता असे सव्वादोन हजार अंक संकेतस्थळावर आहेत आणि ते वाचनालयातल्याच एका जुन्या डेस्कटॉपवरून दिसतात. मशीन चोवीस तास चालू असतं.

गेल्या महिन्यात वीजबिलाचा विषय कार्यकारिणीपुढे आला. मी वायरमनकडून प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर मागून आणलं. डेस्कटॉप, यूपीएस आणि राउटर मिळून ९२ वॅट. रात्री बारानंतर, कुणी काही उघडत नसताना पाहिलं, तरी आकडा ८८ च्या खाली उतरला नाही. म्हणजे दिवसाला २.२ युनिट, वर्षाला ८०० च्या आसपास. आमचे दिवे-पंखे संध्याकाळी चार तासच लागतात, त्यांचं मिळूनही एवढं होत नाही. इंटरनेटलाही वीज लागते हे माहीत होतं, पण ती आपल्याच मीटरवर धावताना पाहिली तेव्हा खरं पटलं.

एका देणगीदारांनी गच्चीवर १ किलोवॅटची पॅनल बसवून द्यायची तयारी दाखवली आहे. (सूर्यघर योजनेचं अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे, ते आम्हाला मिळणार नाही.) नेट मीटर (तारेवरून घेतलेली आणि तारेत दिलेली वीज मोजणारा) लागेल. १ किलोवॅटला सरासरी दिवसाला ४ युनिट धरले तर वर्षाला १,४०० च्या वर. सर्व्हरला, म्हणजे त्या डेस्कटॉपला, लागतात त्याहून किती तरी जास्त.

एका ज्येष्ठ सदस्यांना दारात पाटी लावायची आहे: “आमचे संकेतस्थळ शंभर टक्के सौरऊर्जेवर चालते.” माझं मन तिथे अडतंय. आमचे सगळ्यात जास्त वाचक मुंबईतले चाकरमानी. ते घरी पोचून जेवून मग अंक उघडतात, रात्री साडेनऊ ते साडेअकरा. त्या वेळी पॅनलवर काळोख असतो. चोवीस तासांतले आठ-नऊ तासच ती काम करणार, आणि जुलैत आमच्याकडे आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. वर्षाचा जमाखर्च जुळला म्हणून शंभर टक्के म्हणायचं का? ती पाटी शाळेतली मुलं वाचणार आहेत.

दुसरे एक काका म्हणाले, “पोफळीचं वीजघर आपल्याच तालुक्यात. आपली वीज कोयनेच्या पाण्याची, मुळातच स्वच्छ. पॅनल कशाला?” त्यांना काय सांगावं ते मला सुचलं नाही.

तर मला तीन गोष्टींत मदत हवी आहे. पाटीचं वर विचारलंच. दुसरं, हे मशीन बंद करून नवी मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमधली (जिथे खूप सर्व्हर एकत्र चालवतात) जागा भाड्याने घेतली तर एकूण वीज कमी लागेल का? तिसरं, वायरमन म्हणतो की लाइट गेली की टळटळीत ऊन असलं तरी पॅनल बंद पडेल. हे खरं आहे का?

तारतंत्री:

ताई, शेवटून सुरुवात करतो. वायरमन बरोबर सांगतोय. साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज थेट तारेला जोडणारा, पुरवठा गेला की स्वतःहून बंद होतो. तो बंद झाला नाही तर तुमच्या गच्चीवरची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवावर बेतेल. लाइट गेल्यावरही चालायला हवं असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनल, बॅटरी आणि तार तिन्ही सांभाळणारा) लागेल.

काकांना विहिरीचं उदाहरण द्या. विहिरीत चार झरे फुटतात, पण भरलेल्या घागरीत कोणत्या झऱ्याचं पाणी आलं ते सांगता येत नाही. पोफळी जवळ आहे म्हणून तिथली वीज आधी तुमच्या घरात येते असं नसतं. कोयना १,९६० मेगावॅटची, आणि त्याच वीजजाळ्यात चंद्रपूरचं एकटं कोळशाचं केंद्र २,९२० मेगावॅटचं. शिवाय कोयना मनाला येईल तेवढी चालवता येत नाही. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिलंय. म्हणून ते जपून, मुख्यतः मागणी चढते त्या तासांना सोडतात. तुमचे चाकरमानी रात्री अंक उघडतात तेव्हा कोयनेचा हात असतो, पण कोळसाही असतोच.

आणि काकांच्या “पॅनल कशाला” याचं उत्तर इथेच आहे. दिवसा उन्हावर जितकं भागेल तितकं कोयनेचं पाणी रात्रीसाठी राहतं. पावसाळ्यात ऊन मंदावतं तेव्हा घाटमाथ्यावर, वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांना जोर येतो. ऊन, वारा आणि धरण यांची अशी सांगड घातली तर कोळसा हटेल. एकट्या पॅनलला ते जमणार नाही.

नाइटशिफ्ट:

मी नवी मुंबईत महापे भागात एका डेटा सेंटरच्या विजेच्या बाजूला काम करतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. निव्वळ युनिटचं बघितलं तर भाड्याची जागा फायद्याची. तुमचं मशीन बहुतेक वेळ रिकामंच बसून ८८ वॅट खातं. आमच्याकडे एका सर्व्हरवर शेकडो लहान संकेतस्थळं दाटीने बसतात, तुमच्या वाट्याला एखाद-दोन वॅट यावेत. त्यावर थंडाव्याचा खर्च चढतो. सर्व्हरला १ युनिट द्यायला इमारतीने एकूण किती युनिट घेतली यावर सेंटरचा कस ठरतो. जगातली उत्तम सेंटरं १.१ वर आहेत, सरासरी दीडच्या वर आहे. आमच्या दमट हवेत चिलर (थंडावा देणारी यंत्रं) बाराही महिने चालतात.

पाटीबद्दल. तुम्हाला पडलेला प्रश्न फार मोठ्या कंपन्यांनाही सुटलेला नाही. गूगलने २०१७ मध्ये वर्षभरात वापरली तेवढी अक्षय ऊर्जा विकत घेतल्याचा हिशोब पूर्ण केला. मग २०२० मध्ये नवं उद्दिष्ट जाहीर केलं, की २०३० पर्यंत प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक तासाला कार्बनमुक्त वीज वापरायची. दुपारची जास्तीची वीज दाखवून रात्रीचा कोळसा खोडता येत नाही, म्हणून हे दुसरं पाऊल लागलं. तुमचे ते वर्षाचे १,४०० युनिट म्हणजे पहिली पायरी. चांगलीच आहे, पण शंभर टक्के नव्हे.

जाता जाता, २०२२ च्या हरित ऊर्जा नियमांनी मुक्त प्रवेशाची किमान मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली, म्हणजे मध्यम आकाराच्या ग्राहकालाही लांबच्या सौर प्रकल्पाची वीज थेट घेता येते. तुम्ही त्यातही बसत नाही. पण राज्याच्या वीज नियामक आयोगाने २०२१ मध्ये साध्या ग्राहकांसाठी हरित वीज दर (जादा पैसे देऊन अक्षय ऊर्जा घेण्याचा) ठरवला होता, तेव्हा युनिटला ६६ पैसे जादा. आताचा दर महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या.

दूरदेशी:

डब्लिनहून लिहितोय. इथे २०२३ मध्ये देशाच्या मीटरवर नोंदलेल्या विजेपैकी २१ टक्के डेटा सेंटरांनी वापरली, शहरांतल्या सगळ्या घरांनी मिळून १८ टक्के. वारा भरपूर आहे, पण वारा पडला की गॅसवरची केंद्रं पेटवावी लागतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशोबाने २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट घेतली, जगाच्या विजेच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हे दुपटीहून वर जाईल असा त्यांचा अंदाज आहे. तेव्हा एका वाचनालयाने तासांचा हिशोब मागणं मला फार मोलाचं वाटतं.

एक नमुना सांगतो. बार्सिलोनातलं एक ऑनलाइन नियतकालिक २०१८ पासून घराच्या सज्जातल्या छोट्या पॅनलवर आणि बॅटरीवर चालतं. सर्व्हर तळहाताएवढा, एक ते अडीच वॅटचा. चित्रं मुद्दाम हलकी केलेली, बॅटरी किती उरली ते पानावरच दिसतं, आणि फार दिवस मळभ राहिलं की संकेतस्थळ बंद होतं. वाचक थांबतात.

पागोळी:

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना विहीर लगेच कळली, म्हणाले, “मग बसवा पॅनल.”

दूरदेशी, तुमचं वाचून पुतण्याकडचा तळहाताएवढा संगणक आणून लावून पाहिला. हार्डडिस्क काढून एसएसडी जोडली. वॉटमीटरवर ४ वॅट! राउटरचे ९ धरून १३. दिवसाला ०.३१ युनिट, वर्षाला ११४. स्कॅनसुद्धा हलके केले. रंगीत पानांचा ६४ एमबीचा अंक करड्या छटेत ५ एमबीवर आला, आणि बोरूचं अक्षर उलट ठसठशीत दिसतंय. फक्त हस्तलिखित मासिकाची मुखपृष्ठं रंगीत ठेवली. ती जलरंगातली आहेत, त्यांना हात लावायला मन धजलं नाही.

भाड्याच्या जागेचा विचार आता सोडला. वीज त्याहून थोडी जास्त लागेल, पण मीटर मुलांना दाखवता येईल.

१२.८ व्होल्ट, १०० अँपिअरअवरची लिथियम बॅटरी घेतली तर ऊन नसताना तीन दिवस निघतात. जुलैत त्याने पुरणार नाही, आणि अंक बंद ठेवायला कार्यकारिणी तयार नाही. म्हणून पाटीचा मजकूर असा ठरवलाय:

“या संकेतस्थळाला दिवसाला ०.३१ युनिट वीज लागते. दिवसा ती गच्चीवरच्या उन्हातून येते, रात्री बॅटरीतून. पावसाळ्यात बॅटरी उतरली की तारेवरची वीज घेतो.”

खाली खडूने लिहायला एक चौकोन सोडलाय. त्या महिन्यात तारेवरून किती युनिट घेतली ते मुलं मीटर वाचून लिहितील. ज्येष्ठ सदस्यांना पाटी लांबलचक वाटते, पण हो म्हणालेत.

आता एकच राहिलं. बॅटरी कुठे ठेवू? आत कपाटांची दाटी आहे आणि पावसाळ्यात भिंतींना ओल येते.

तारतंत्री:

कपाटांजवळ अजिबात नको ताई. बाहेर पडवीत सावलीची भिंत बघा, उत्तरेकडची मिळाली तर उत्तम. वारा लागेल असा जाळीचा पत्र्याचा डबा करून घ्या. आणि खिळा ठोकायच्या आधी जुलै २०२१ च्या पुरात पाणी त्या भिंतीवर कुठवर चढलं होतं ते शेजारी विचारा. त्या खुणेच्या दोन फूट वर लावा.