ऑटोकॅड आर्किटेक्चर: डोअर-विंडो असेंब्लीत दाराचा पल्ला ६५०चाच का येतो?

प्रश्न
विजयनगरमधल्या (इंदूर) शोरूमचं पुढचं दार काढतोय. असेंब्ली (दार आणि काचा मिळून एकच चौकट) २४०० बाय २४००, सगळी मापं मिमीमध्ये, मध्ये ९०० चं दार, दोन्ही बाजूंना फिक्स काच, दारावर काचेची पट्टी. फ्रेम आणि मुलियन (मधल्या उभ्या-आडव्या पट्ट्या) ५० चे. उभे भाग 'फिक्स्ड नंबर'ने ३ केले आणि मधल्या सेलला (कप्प्याला) ९०० चं डोअर स्टाइल दिलं. पल्ला ६५० चा येतोय, चौकट दुहेरी दिसते आणि दाराखाली आडवी पट्टीही आलीये. काय चुकलं?

उत्तर १
डोअर स्टाइलमधल्या ९०० ला इथे काही अर्थ नाही. इन्फिल म्हणून (सेल भरायला) बसवलं की दार सेलचं माप घेतं. तीन समान भाग म्हणजे ८००. ग्रिडची रेघ मुलियनच्या मध्यावर असते, त्यामुळे दोन्हीकडून २५ गेले, उरले ७५०. त्यातून दाराची स्वतःची ५०-५० ची चौकट वजा केली की तुमचे ६५०.

म्हणून भाग 'मॅन्युअल' करा आणि दोन्ही रेघा ग्रिडच्या मध्यापासून ४७५ वर, एक डावीकडे, एक उजवीकडे. मधला सेल ९५० होतो, आतून स्वच्छ ९००. बाजूचे सेल ७२५, दिसणारी काच ६५०. मध्यापासून मोजायचं कारण असं की उद्या असेंब्लीची रुंदी बदलली तर फरक काचेत जातो, दार तसंच राहतं.

दारावरच्या पट्टीसाठी मधल्याच सेलला वेगळं सेल असाइनमेंट करून त्यात नेस्टेड ग्रिड (सेलच्या आत आणखी एक ग्रिड) द्या. आडवी रेघ तळापासून २१२५ वर. खाली २१०० उंचीचं दार, वर काच.

दुहेरी चौकट: डोअर स्टाइलची प्रत काढा, डायमेन्शन्स टॅबमध्ये फ्रेमची रुंदी ० करा. मूळ स्टाइलला हात लावू नका, ते इतर भिंतींतल्या साध्या दारांना लागतं.

उत्तर २
खालच्या पट्टीबद्दल. डिफॉल्ट फ्रेम असाइनमेंटमधून 'बॉटम' काढू नका, काचांच्या खालचीही जाईल. असेंब्ली निवडून राइट क्लिक, फ्रेम अँड मुलियन, ओव्हरराइड असाइनमेंट, फक्त दाराखालची कड निवडा आणि रिमूव्ह. हा बदल त्या एकाच ऑब्जेक्टवर राहतो. तीच असेंब्ली आणखी कुठे वापरायची असेल तर डिझाइन रूल्समधून ओव्हरराइड स्टाइलमध्ये ट्रान्स्फर करा, नाहीतर दुसऱ्या भिंतीत पट्टी परत दिसेल. लोक इथेच फसतात.

दार उलट्या बाजूला उघडत असेल तर इन्फिलच्या व्याख्येत फ्लिप आहे, दार मिरर करत बसू नका.

उत्तर ३
मापं बरोबर, पण २१०० कुठून धरलंत भाऊ? तयार फरशीपासून हवं. कोटा फरशी आणि खालचा मसाला मिळून ५० धरले, तर स्लॅबपासून असेंब्लीचा माथा २४५० वर येतो. मॉडेलमध्ये भिंतीचा तळ स्लॅबवर असेल तर असेंब्ली ५० वर उचला. नाहीतर फरशी झाल्यावर पल्ला कापावा लागतो, आणि टफन्ड काचेचा असेल तर तोही कापता येत नाही.

प्रश्नकर्ता
जमलं. ९०० आला. मध्यापासून मोजायचं सुचलंच नव्हतं, २१०० मात्र स्लॅबपासूनच धरलं होतं. आता उचलतो.