ताकातही कॅल्शियम असतंच

"दूध नको सांगितलं, म्हणून आईला सिप्रोफ्लॉक्सासिन ताकाबरोबर देतेय, तरी ताप उतरत नाही," असं तुम्ही लिहिलंय. ताई, सिप्रोफ्लॉक्सासिन हे जंतू मारणारं औषध (अँटिबायोटिक), आणि ताकातलं कॅल्शियमही त्याच्याशी दुधासारखाच घोळ करतं. सोलापुरात माझं औषधाचं दुकान आहे, इथल्या उन्हाळ्यात ताकाबरोबर गोळी घेणारे रोज भेटतात.

या औषधाच्या रेणूतले शेजारचे ऑक्सिजन अणू धातूचा आयन (विद्युतभार असलेला कण; कॅल्शियमही धातूच) खेकड्याच्या नांगीसारखा पकडतात. ही जोडी आतड्याच्या अस्तरातून नीट पार होत नाही. गोळी पोटात जाते, पण रक्तात पुरेशी पोचत नाही.

मला ताकापेक्षा जास्त धास्ती ॲसिडिटीच्या पातळ औषधाची (त्यात ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असतं) आणि रक्तवाढीच्या लोहाच्या गोळीची वाटते. आई यातलं काही घेतात का, आधी बघा. सिप्रो त्याच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर, साध्या पाण्याबरोबर द्या. डॉक्सिसायक्लिन या दुसऱ्या अँटिबायोटिकला दूध तितकं नडत नाही, लोह मात्र नडतं. अमॉक्सिसिलिन या आणखी एका अँटिबायोटिकला ही अडचण नाही.

पण ताकावर खापर फोडून थांबू नका. जंतूच औषधाला दाद देत नसेल, तर अंतर पाळूनही ताप हटणार नाही. डॉक्टरांना आजच दाखवा, डोस मनाने वाढवू नका.