जुन्या मॅचेस एवढ्या स्लो का वाटतात? प्लेयर स्लो होते की खेळच वेगळा होता?

रात्रपाळी_११

आमचे बाबा म्हणजे जुन्या फुटबॉलचे कट्टर भक्त, आजची कुठलीही मॅच लावली की यांचं सुरू, "हा काय फुटबॉल, नुसते आडवे पास". तर सुट्टीत म्हटलं एकदाचा सोक्षमोक्ष लावू, त्यांच्यासोबत बसून १९९० वर्ल्ड कपच्या दोन मॅचेस आणि १९९२ ची युरो फायनल बघितली, हायलाइट्स नाही, पूर्ण. आणि खरं सांगू का, मला पेंग आली. डेन्मार्क १-० ने पुढे, जर्मनी बॉल मागतीये, आणि डेन्मार्कचा बॅक काय करतो तर वळतो आणि बॉल सरळ कीपर श्मायकेलकडे सरकवतो, तो उचलतो हातात, इकडे तिकडे बघतो, परत त्याच बॅककडे सोडतो, जर्मन फॉरवर्ड धावत आला की परत श्मायकेलकडे. मी बाबांना म्हटलं हे काय चाललंय, तर म्हणे "तेव्हा चालायचं". मग आडवे पास कुणाचे जास्त हो?

असो. सिरियसली विचारतोय, फिटनेस, बॉल, ग्राउंड, नियम, नक्की कशाने एवढा फरक पडला?

डावा_पाय

तू नेमकी बरोबर मॅच निवडलीस. ती फायनल २६ जून १९९२ ची, आणि त्यानंतर महिन्याभरातच बार्सिलोना ऑलिम्पिकपासून बॅकपासचा नियम बदलला. आपल्याच माणसाने मुद्दाम पायाने दिलेला बॉल कीपरने हातात घ्यायचा नाही. एवढंच. पण माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत खेळ सगळ्यात जास्त कशाने बदलला असेल तर या एका ओळीने, व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय) वगैरे राहू दे बाजूला.

आधी काय व्हायचं बघ. १९९० ला ५२ मॅचेसमध्ये ११५ गोल, म्हणजे मॅचला सव्वादोनसुद्धा नाहीत, वर्ल्ड कपमधला सगळ्यात कमी अ‍ॅव्हरेज. एक गोल झाला की दुकान बंद, कारण समोरच्याने कितीही दाबलं तरी डिफेंडरकडे हक्काची तिजोरी होती, बॉल कीपरच्या हातात गेला की विषय संपला. मग फॉरवर्डने कशाला मरमर धावायचं? ते धावायचे नाहीत म्हणून तुला मॅच स्लो दिसते, त्यांच्यात दम नव्हता असं नाही.

तिजोरीला कुलूप लागल्यावर सगळी साखळीच हलली. डिफेंडरवर धावून जाण्याला अर्थ आला, आज ज्याला आपण प्रेसिंग म्हणतो ते करण्यात फायदा दिसायला लागला. मग डिफेंडरला प्रेशरखाली पास देता यायला हवा, नुसता उंच आणि दांडगा असून भागेना. कीपरला पाय वापरावे लागले, सुरुवातीला बिचाऱ्यांची फार फजिती व्हायची, मागे आलेला प्रत्येक बॉल डोळे मिटून स्टँडमध्ये. आणि तीस वर्षांनी बघ, ब्राझीलचा कीपर एडरसन साठ यार्डांचा पास विंगरच्या पायात टाकतो. २०१९ ला गोलकिकचा नियमही सैल केला, बॉल बॉक्सबाहेर जायची वाट बघायची गरज नाही, म्हणून आता दोन सेंटरबॅक कीपरच्या शेजारी उभे दिसतात. बाबांना जे आडवे पास खटकतात ना ते तिथूनच सुरू होतात.

चामड्याचा_बॉल

बॉल पण विसरू नका राव. जुना चामड्याचा बॉल पावसात पाणी प्यायचा, सेकंड हाफमध्ये हेड मारायचा म्हणजे दगडाला डोकं आपटल्यासारखं. वर्ल्ड कपमध्ये पूर्ण सिंथेटिक बॉल १९८६ ला आला. आणि ग्राउंड, गोलपोस्टसमोर गवत कमी चिखल जास्त, तिथे कीपरने पायात बॉल ठेवून खेळायचं म्हणजे आत्महत्याच, नियम काही असू दे.

मार्कर_नंबर_५

सगळे वेगाचंच बोलतायत, मार खाण्याबद्दल कोणीच बोलत नाही. १९६६ ला पेलेला पोर्तुगालविरुद्ध इतकं लाथाडलं की तो बाकीची मॅच लंगडत खेळला, कारण वर्ल्ड कपमध्ये सब, म्हणजे बदली प्लेयरच, अलाउड नव्हते! बसवायचा म्हटलं तर टीम दहाची. १९७० ला दोन सब आले, तर त्याच वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये इटलीविरुद्ध जर्मनीच्या बेकेनबाउअरचा खांदा निखळला, दोन्ही सब वापरून झालेले, मग हात छातीला बांधून एक्स्ट्रा टाइम खेळला पठ्ठ्या. १९८२ मध्ये इटलीच्या जेंतिलेने एकट्या मॅराडोनाला एका मॅचमध्ये २३ वेळा फाउल केलं आणि पूर्ण ९० मिनिटं मैदानात राहिला. आज पहिल्या अर्ध्या तासात आंघोळीला गेला असता.

आणि आता पाच सब, म्हणजे कीपर सोडून अर्धी टीम बदलता येते. सत्तराव्या मिनिटाला ताजे पाय आणले तर स्पीड दिसणारच ना, त्यात प्लेयरचं काय कौतुक. पहिलं रेड कार्ड पण १९७० लाच दाखवलं होतं, पण पंच खिशातून काढायलाच घाबरायचे.

ऑफसाइड_काका

@मार्कर_नंबर_५, छोटी दुरुस्ती. कार्डं १९७० ला आली पण त्या वर्ल्ड कपमध्ये रेड एकदाही निघालं नाही. पहिलं १९७४ ला, चिलीचा कार्लोस कासेली. बाकी सहमत.

@डावा_पाय, तुमचं आवडलं पण पूर्ण पटलं नाही. पायाने खेळणारे कीपर नियमाच्या आधीपण होते. १९७४ च्या हॉलंडचा योंगब्लूड, पाठीवर ८ नंबर, बॉक्सबाहेर येऊन स्वीपरसारखा (सगळ्यांच्या मागे राहून बॉल साफ करणारा डिफेंडर) खेळायचा. आणि कोलंबियाचा इगिता! १९९० ला कॅमेरूनविरुद्ध गोलपासून लांब येऊन रॉजर मिलाला चकवायला गेला, मिलाने बॉल काढून घेतला आणि निवांत रिकाम्या गोलमध्ये. मिला तेव्हा ३८ वर्षांचा! वय आणि वेगाची चर्चा करणाऱ्यांनी ते एकदा बघाच.

डावा_पाय

काका, इगिताला कुणी जबरदस्ती केली नव्हती, तोच तर मुद्दा आहे. बॉल हातात घ्यायची सोय असून तो पायाने खेळायचा म्हणून लोक त्याला वेडा म्हणायचे. आज जर्मन कीपर न्यूएर तेच करतो, २०१४ ला अल्जीरियाविरुद्ध अर्धी मॅच बॉक्सबाहेरच होता, आणि लोक त्याला मॉडर्न म्हणतात. आधी हौस होती, नंतर नोकरीची अट झाली.

रात्रपाळी_११

वा, एवढं येईल वाटलं नव्हतं. मिलाचा तो गोल आत्ताच बाबांना परत दाखवला. मी म्हटलं बघा, बॅकने बॉल पुढे खेळायचा सोडून मागे दिला, कीपरने लांब मारायचा सोडून नाचवला, आणि आजच्या टीम गोल खातात त्या सेम अशाच. बाबा दोन मिनिटं गप्प. मग म्हणतात, "हो, पण मिला नाचला कसा ते बघ ना कॉर्नर फ्लॅगपाशी."

आता ती १९७० ची इटली-जर्मनी पूर्ण बघायची आहे दोघांना, हात बांधलेला बेकेनबाउअर. ४-३ ना स्कोअर? बाबा म्हणतात झोप आली तर नाव बदलेन.