मदत हवी आहे: वीज बनवणारा बॉयलर सारखा चालू-बंद होतोय, वीजही कमी मिळते

उबदार
गॅसवर चालणारं स्टर्लिंग इंजिनाचं (बाहेरून तापवून चालणारं इंजिन) यंत्र आहे, घरही तापवतं आणि वीजही बनवतं. १ किलोवॅट वीज, ६ किलोवॅट उष्णता, शिवाय आत १८ किलोवॅटचा जादा बर्नर. बफर टाकी (गरम पाणी साठवणारी) २०० लिटरची, रेडिएटर नऊ.
इंजिन वीसेक मिनिटं चालतं, थांबतं, अर्ध्या तासाने परत सुरू. दिवसाला एकूण आठ तास चालतं, पण मीटरवर जेमतेम ५ युनिट (किलोवॅट-तास) दिसतात. जाणारं पाणी ६५ अंश, परतीचं ५८. पंप सर्वात वरच्या वेगावर. टाकीला सेन्सर एकच, मधोमध. थर्मोस्टॅट रात्री १५ अंशांवर, पहाटे पाचला एकदम २१ वर.
इंजिनात दोष आहे की जोडणीत? टाकी बदलून ५०० लिटरची घ्यायचा सल्ला मिळालाय. घ्यावी का?

परतपाणी
टाकी इतक्यात बदलू नका. तुमच्याच आकड्यांवरून हिशेब करू. २० मिनिटं चालू, ३० मिनिटं बंद, म्हणजे घराला सरासरी २.४ किलोवॅट उष्णता लागते. इंजिन चालू असताना उरलेली ३.६ किलोवॅट टाकीत जाते, २० मिनिटांत १.२ युनिट. २०० लिटर पाणी एका अंशाने तापवायला ०.२३ युनिट लागतं. म्हणजे तुमची टाकी प्रत्येक खेपेला फक्त पाचेक अंश वर-खाली होते आहे. तेवढ्यासाठी टाकी असून नसून सारखीच.
हीच टाकी २५ अंशांच्या फरकाने वापरली तर तिच्यात जवळपास ६ युनिट उष्णता मावते आणि इंजिन सलग दीड तासावर चालतं. त्यासाठी सेन्सर दोन हवेत. वरचा थंड झाला की इंजिन सुरू, खालचा गरम झाला की बंद. मधल्या एका सेन्सरवर हे जमत नाही.
विजेचं म्हणाल तर सुरुवातीची काही मिनिटं इंजिनाचं डोकं (गरम टोक) तापण्यातच जातात. त्या वेळात वीज मिळत नाही, उलट पंखा, पंप आणि कंट्रोलर वीज खातात. वीस मिनिटांच्या खेपेत हा तोटा फार मोठा. त्यात स्टर्लिंगची ताकद गरम आणि थंड टोकांमधल्या फरकावर असते. थंड टोकाला ५८ अंशांचं पाणी दिलं तर पूर्ण १ किलोवॅट मिळणार नाही.

व्हॉल्व्हवाला
खरा आजार परतीच्या ५८ अंशांत आहे. जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यात फक्त ७ अंशांचा फरक म्हणजे पाणी फार जोरात फिरतंय. ६ किलोवॅट ७ अंशांच्या फरकाने न्यायला मिनिटाला १२ लिटर लागतात, २० अंशांच्या फरकाने साडेचारच्या आतच भागतं. जोरात परतलेलं पाणी टाकीतले गरम-थंड थरही ढवळून टाकतं, मग खालचा सेन्सर बसवूनही उपयोग नाही.
आधी बायपास शोधा. बऱ्याचदा जाणारी आणि परतीची नळी जोडणारा एक व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिलेला असतो. नळीला हात लावला की कळतं. तिथून गरम पाणी घर न तापवताच परत येतं. बंद करण्याआधी यंत्राच्या पुस्तिकेत किमान प्रवाह किती सांगितलाय ते पाहा, यंत्र आणि रेडिएटर यांच्या मध्ये टाकी असेल तर सहसा बायपास लागत नाही.
मग पंप सर्वात खालच्या वेगावर आणा आणि रेडिएटर बॅलन्स करा, म्हणजे प्रत्येकातून जाणारं पाणी जुळवून घ्या. सगळ्यांचे लॉकशील्ड व्हॉल्व्ह (रेडिएटरचा प्रवाह ठरवणारे, टोपीखालचे) पूर्ण बंद करून यंत्राजवळच्यांचे पाव फेरा, लांबच्यांचे एक फेरा उघडा. रेडिएटरच्या दोन्ही टोकांच्या नळ्यांना क्लिपचे थर्मामीटर लावा. फरक १५ ते २० अंश येईपर्यंत अष्टमांश फेऱ्याने फिरवायचं, प्रत्येक वेळी वीस मिनिटं थांबून. घाई केलीत तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल.
परतीचं पाणी ५५ च्या खाली आलं की धुरातल्या वाफेचं नीट पाणी होतं, गॅसही कमी लागतो. ते पाणी आम्लधर्मी असतं. त्याचा निचरा प्लास्टिकच्या नळीतूनच आणि उतार देऊन करा, तांबं-लोखंड खाऊन टाकतं.

परतपाणी
पहाटेचं राहिलं. एकदम सहा अंश चढवायला सांगितलं की कंट्रोलर १८ किलोवॅटचा बर्नर पेटवतो. तो टाकी झटक्यात भरतो आणि इंजिनाच्या वाट्याला काम उरत नाही. रात्रीचं तापमान १८ ठेवा, तापवणं दोन तास आधी सुरू करा आणि जादा बर्नरला उशीर लावा. सहसा सेटिंगमध्ये असतो, अर्ध्या-पाऊण तासापासून सुरुवात करा.

उबदार
बायपास सापडला, उघडाच होता! आणखी एक. वीज गेली की यंत्रही बंद पडतं. स्वतः वीज बनवतं, मग बंद का?

तारजोड
मुद्दाम तसं केलेलं असतं. लाइन बंद आहे असं समजून कुणी खांबावर काम करत असेल आणि तुमचं यंत्र लाइनमध्ये वीज ढकलत राहिलं तर त्याचा जीव जाईल. शिवाय तुमच्या प्रकारचा जनरेटर फ्रीक्वेन्सी ग्रिडकडूनच (बाहेरच्या लाइनकडून) घेतो. वीज गेल्यावर चालवायचं असेल तर बॅटरी, स्वतंत्र ग्रिड तयार करणारा इन्व्हर्टर आणि ग्रिडपासून घर पूर्ण तोडणारा चेंजओव्हर स्विच हवा. उत्पादकाने मान्य केलेलाच संच घ्या. यंत्राची जोडणी मुख्य बोर्डावर स्वतंत्र एमसीबीने आहे ना, तेही तपासा. साध्या सॉकेटमध्ये प्लग लावलेला असेल तर आजच काढा.

व्हॉल्व्हवाला
पुढे कधी ५०० लिटरची टाकी घेतलीतच तर एक्स्पान्शन टाकी (तापून फुगलेलं पाणी सामावणारी) विसरू नका. ५०० लिटर पाणी १० वरून ८० अंशांवर गेलं की १४-१५ लिटर फुगतं. १ बार दाबाने भरलेल्या आणि अडीच बारपर्यंत चढणाऱ्या सिस्टिमला एवढ्यासाठीच ३५ लिटरची एक्स्पान्शन टाकी जास्तीची लागेल. नाहीतर सेफ्टी व्हॉल्व्ह रोज थोडं पाणी सोडेल, तुम्ही रोज नवं भराल आणि त्यातल्या ऑक्सिजनने रेडिएटर आतून गंजतील.