नवऱ्याला अन्यायाने कामावरून काढलंय, आधी काय काय करायचं?

रानजाई (प्रश्न)

माझे मिस्टर चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात होते. नोकरी १० वर्षं ८ महिने. शुक्रवारी दुपारी एचआरने बोलावून सांगितलं, राजीनामा लिहून द्या, नाहीतर आम्ही काढू. त्यांनी सही केली नाही. संध्याकाळी मेल आला की काम समाधानकारक नाही, आजपासून सेवा समाप्त. एक महिन्याचा पगार खात्यात जमा झालाय. मागच्या वर्षीचं अप्रेझल चांगलं होतं. तपासणीच्या चुकीच्या रिपोर्टवर सही करायला ते तयार नव्हते, खरं कारण तेच दिसतंय.

बेसिक आणि डीए मिळून २६,०००, एकूण पगार ५६,०००. माझा शाळेचा पगार ३१,०००. घराचा हप्ता २४,५००, तो त्यांच्या खात्यातून जातो. सासूबाई ७१ वर्षांच्या, शुगर आणि बीपी आहे, त्यांचा मेडिक्लेम कंपनीचाच. मिस्टर बोलत नाहीत, नातेवाइकांना कळू देऊ नको म्हणतात, कोर्ट नको म्हणतात. मी स्वतः एचआरला फोन करून जाब विचारू का?

पोचपावती

ताई, फोन करू नका. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा राहत नाही, आणि रागात गेलेला एखादा शब्द पुढे त्यांच्याच कामी येतो. जे काही जायचं ते साहेबांच्या नावाने, लेखी जाऊ दे.

सही केली नाही हे फार चांगलं झालं. आता उद्याच त्यांच्या वैयक्तिक ईमेलवरून एचआरला आणि प्लँट हेडला पत्र जाऊ दे, त्याचीच प्रत पोचपावतीसह स्पीड पोस्टने. मजकूर आठ-दहा ओळींचाच हवा: अमुक तारखेला, अमुक वाजता, कोणी बोलावलं आणि राजीनामा कसा मागितला, मी राजीनामा दिलेला नाही, सेवासमाप्ती मला मान्य नाही, कामावर हजर राहायला मी आजही तयार आहे, जमा केलेली रक्कम हरकत राखून स्वीकारली आहे, माझ्या कामाबद्दल काय तक्रार होती ते लेखी कळवा. "हजर राहायला तयार आहे" हे वाक्य गाळू नका. ते नसेल तर सहा महिन्यांनी कंपनी म्हणते, हा माणूस स्वतःच यायचा बंद झाला.

कागद जमवा: नेमणूकपत्र, कायम केल्याचं पत्र, पगारवाढीची पत्रं, सगळी अप्रेझल, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पीएफचं पासबुक. व्हॉट्सॲपवरचे कामाचे संदेश एक्स्पोर्ट करून ठेवा. पण कंपनीची ड्रॉइंग किंवा ग्राहकाचा डेटा स्वतःच्या मेलवर पाठवू नका. आज त्यांच्याकडे गैरवर्तनाचा आरोप नाही, तो आपण होऊन हातात द्यायचा नाही. लॅपटॉप, ओळखपत्र परत करताना यादी करून पोच घ्या.

"फुल अँड फायनल"च्या कागदावर "माझी कोणतीही मागणी उरलेली नाही" अशी ओळ असते. सही करावीच लागली तर आधी हाताने "हरकत राखून" लिहायचं, फोटो काढायचा. आणि फेसबुक, लिंक्डइनवर कंपनीचं नाव घेऊन एक शब्दही नको.

समेट_टेबल

वर कागदांचं बरोबर सांगितलंय. आता दाद कुठे मागायची ते.

पहिला प्रश्न हा की ते कायद्याच्या भाषेत "कामगार" आहेत की नाहीत. इथे पदनाम बघत नाहीत, रोजचं काम बघतात. कार्डावर "सिनियर इंजिनियर" असूनही माणूस दिवसभर स्वतः गेज (मापाचं साधन) लावून भाग तपासत असेल तर तो कामगार ठरू शकतो. मुख्य काम देखरेखीचं असेल आणि पगार महिना १८,००० च्या वर असेल, किंवा रजा मंजूर करणं, माणसं घेणं-काढणं असे व्यवस्थापनाचे अधिकार असतील, तर ठरत नाही. म्हणून त्यांनी आजच बसून आपल्या पाळीतलं काम तासागणिक लिहून काढावं. स्वतःच्या हाताने काय तपासत होते, कोणावर देखरेख होती, रजेच्या अर्जावर अंतिम सही कोणाची. कंपनी पहिला हल्ला इथेच करते, आणि सहा महिन्यांनी हे तपशील नीट आठवत नाहीत.

ते कामगार असतील तर "काम समाधानकारक नाही" एवढ्या एका मेलवर ११ वर्षांची नोकरी संपत नाही. गैरवर्तन म्हणायचं तर आरोपपत्र आणि चौकशी हवी. ती नसेल तर ही छाटणी धरली जाते, आणि त्यासाठी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो (सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात). तुमच्याकडे फक्त नोटिशीचा पगार आलाय.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता (कामगार-मालक वादांचा नवा केंद्रीय कायदा) लागू आहे. पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे (दोन्ही बाजूंत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) अर्ज करायचा: सेवेत सातत्य आणि मागील वेतनासह पुन्हा कामावर घ्या, अशी मागणी. वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत हे व्हायला हवं. समेटाचं काम ४५ दिवसांत संपवायचं असतं. समेट झाला नाही तर अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणात अर्ज करायचा. राज्याच्या १९७१ च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथेची (मालकाने कामगाराशी केलेल्या अन्याय्य वागणुकीची) तक्रार घटनेपासून ९० दिवसांत करायची असते. कोणता दरवाजा ठोठावायचा हे वकील कागद बघून ठरवतील, पण तुम्ही ९० दिवस हीच शेवटची तारीख धरून चाला. कामगार न्यायालयात रोज उभा राहणारा वकील शोधा, ओळखीतला दिवाणीचा नको. औद्योगिक कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, फोन १५१००.

ते कामगार ठरत नसतील तर मार्ग अरुंद आहे. नेमणूकपत्रातली नोटीस, थकबाकी आणि नुकसानभरपाई एवढ्यावरच भांडता येतं, नोकरी परत मिळणं जवळजवळ नाहीच. अशा वेळी वकिलाच्या नोटिशीवर चांगली रक्कम आणि स्वच्छ अनुभवपत्र घेऊन मिटवणं मला शहाणपणाचं वाटतं.

जमाखर्च

ताई, पैशाचं सांगते. काढलेल्या माणसाचा देय पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. ग्रॅच्युइटी (दीर्घ सेवेबद्दल नोकरी संपताना मिळणारी रक्कम) वेगळी, ती ३० दिवसांत. त्यासाठी १० वर्षं ८ महिने म्हणजे ११ वर्षं. कंपनी २६,००० धरून हिशेब करेल: २६,००० × १५ ÷ २६ × ११ = १,६५,०००. पण नव्या कामगार संहितांमधल्या वेतनाच्या व्याख्येत भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच मोजतात. एकूण ५६,००० असेल तर वेतन किमान २८,०००, म्हणजे ग्रॅच्युइटी साधारण १,७७,६९२. हा फरक लेखी मागा. छाटणीची भरपाई याच्याशिवाय.

पीएफला हात लावू नका. पुढच्या नोकरीत तो ट्रान्सफर होतो. पेन्शनची सेवा १० वर्षांवर गेलीय, त्यामुळे ती रक्कम तशीही काढून मिळत नाही, तिचं पुढे पेन्शनच होतं.

मेडिक्लेमचं काम मात्र आजच. कंपनीचं विमाकवच बहुतेक वेळा शेवटच्या दिवशीच संपतं. त्याच विमा कंपनीला लिहून सासूबाईंसाठी वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागा, म्हणजे जुन्या आजारांच्या प्रतीक्षाकाळातली झालेली वर्षं मोजली जातात. मध्ये खंड पडला की हे अवघड होतं. शिवाय त्या ७० च्या वर आहेत, तर आधार कार्डावर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, पण यादीतल्या रुग्णालयात भरती झाल्यावरच. रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत.

हप्ता चुकायच्या आधी बँकेत जा, नंतर नाही. ९० दिवस थकलं की खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं, मग कोणी ऐकत नाही. मुदत वाढवून हप्ता किती खाली येतो आणि सिबिलमध्ये (कर्जफेडीच्या इतिहासात) त्याची नोंद कशी जाईल, दोन्ही लेखी विचारा. तोपर्यंत आलेल्या पैशातून सहा हप्त्यांचे १,४७,००० बाजूला काढा. एसआयपी थांबवा, पण टर्म इन्शुरन्सचा हप्ता चुकवू नका.

सोबतीण

मिस्टरांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पहिले काही दिवस ते गप्प राहणारच. "आता काय करायचं ठरवलंस?" हा प्रश्न दिवसातून चार वेळा गेला तर माणूस आणखी मिटतो. त्यापेक्षा रोज एक वेळ ठरवा, अर्धा तास, त्यात फक्त कागद, पैसे आणि अर्ज. बाकी दिवसभर तो विषय काढायचा नाही. त्यांना एक ठरलेलं काम द्या, जसं की वर सांगितलेलं तासागणिक टिपण. स्वतःच्या कामाचा हिशेब लिहिताना आपण काय काय करत होतो ते त्यांनाच पुन्हा दिसेल.

नातेवाइकांना सांगायचं की नाही हे त्यांच्यावर सोडा, पण सासूबाईंना सांगा. घरात दिवसभर बसलेला मुलगा त्यांना दिसतोच, आणि लपवालपवीचा ताण तुम्हा दोघांवर येतो. मुलं असतील तर "बाबांचं काम थांबलंय, दुसरं शोधताहेत" एवढं पुरे. "तेव्हाच सही करून टाकली असती तर" हे कधीच म्हणू नका. खोट्या रिपोर्टवर सही न करणं बरोबरच होतं, आणि ते त्यांना तुमच्या तोंडून ऐकायला मिळायला हवं.

झोप उडणं, जेवण तुटणं दोन आठवड्यांच्या पुढे गेलं, किंवा "मी नसलेलाच बरा" अशी भाषा आली, तर वाट बघू नका. टेली-मानस १४४१६, मोफत, मराठीतही बोलता येतं. जीव देण्याचं बोलणं निघालं तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्र आज जातंय. एकच शंका: दुसरी नोकरी घेतली तर केस पडते का? आणि मुलाखतीत काय सांगायचं?

समेट_टेबल

केस पडत नाही. नव्या नोकरीतली कमाई मागील वेतनातून वजा होऊ शकते, इतकंच. घरी बसून राहण्याचा फायदा काही नाही. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बडतर्फी बेकायदा ठरली तर मागील वेतनासह पुनर्स्थापना हा सर्वसाधारण नियम, पण या काळात आपल्याला तेवढी कमाई नव्हती हे कर्मचाऱ्याने मांडायला हवं. म्हणून कुठे अर्ज केले, काय उत्तर आलं, याची तारखांसह वही ठेवा.

मुलाखतीत "राजीनामा दिला" असं सांगू नका, पडताळणीत उघडं पडतं. "कंपनीने सेवा संपवली, ते मला मान्य नाही आणि मी लेखी कळवलं आहे. मागचं अप्रेझल सोबत आहे," एवढं सांगून कामाकडे वळायचं. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण काय टाकलंय ते अधूनमधून बघा. कंपनीने तारीख टाकलीच नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः टाकता येते.