आजोबांची 1950च्या दशकातील रॅली सायकल: धडकेत वाकलेली फ्रेम दुरुस्त करावी काय?

महालवासी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या नागपूरच्या महाल भागातील जुन्या घरी आजोबांची रॅली कंपनीची सायकल आहे. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कारकून होते आणि निवृत्त होईपर्यंत त्यांचे जाणे-येणे याच सायकलवर होते. 24 इंची फ्रेम, 28 इंची चाके, रॉड ब्रेक आणि मागे स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब, अशी ती आहे. हबवर 54 हा आकडा ठोकलेला असून पुढच्या बिल्ल्यावर बगळ्याचे डोके व नॉटिंगहॅम हे नाव अजून वाचता येते.

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा ती घेऊन सेमिनरी हिल्सचा उतार उतरत होता. रिमा ओल्या असल्याने ब्रेक लागलेच नाहीत आणि सायकल रस्त्याकडेच्या सिमेंटच्या कठड्यावर समोरून आदळली. भाच्याचे कोपर खरचटण्यावर निभावले, सायकलचे मात्र निभावले नाही. चिमटा (पुढचे चाक धरणारा भाग) इतका मागे गेला आहे की पुढचा मडगार्ड हँडलपासून पेडलकडे उतरणाऱ्या तिरप्या नळीला टेकतो. त्या तिरप्या नळीवर, हँडलच्या जोडापासून दोन बोटे मागे, खालच्या अंगाने एक फुगवटा आला आहे. त्यावरचा काळा रंग तडकून चंद्रकोरीसारखी रेघ उमटली आहे. वरच्या दांड्याखाली हात फिरवल्यास काही लागत नाही.

एका मिस्त्रींनी फुगवट्यावर पट्टी ठेवून आर्क वेल्डिंग करून देण्याची तयारी दाखवली, दुसऱ्यांनी हेडमध्ये (हँडलखालच्या उभ्या नळीत) पहार घालून फ्रेम ओढून सरळ करू असे सांगितले, आणि आमच्या भंगारवाल्याने न विचारताच किलोचा भाव सांगून टाकला. मला ही सायकल शोभेसाठी नको आहे. रविवारी सकाळी फुटाळा तलावापर्यंत जाऊन यावे एवढीच इच्छा आहे. फ्रेमवर खर्च करणे योग्य ठरेल काय?

लेथवाला

मी कारखान्याच्या टूलरूममध्ये 34 वर्षे काढली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पहिली विनंती अशी की पट्टी आणि पहार या दोन्ही गोष्टी तूर्त थांबवाव्यात, कारण आपण अजून काहीच मोजलेले नाही.

समोरच्या धडकेत आधी चिमटा मागे जातो आणि धक्का त्याहून मोठा असेल तर हेडचे खालचे टोक मागे ढकलले जाऊन लगच्या (नळ्या जोडणाऱ्या लोखंडी बाहीच्या) लगेच मागे तिरपी नळी खालून फुगते. आपण वर्णन केलेली चंद्रकोर नेमकी तीच आहे. लोखंड सरळ होते, हे खरे; परंतु फुगलेली नळी ही वाकलेल्या सळईसारखी नसते. तिचा पत्रा दुमडला गेलेला असतो आणि ओढून सरळ करताना तोच पत्रा उलट दिशेने पुन्हा दुमडला जातो. बांधणीची तार दोन-चारदा मागे-पुढे वाकवल्यावर काय होते ते आपण पाहिले असेलच; हँडलजवळच्या नळीचे तसे झाले, तर ते उतारावर होईल.

आता मोजमाप. चाके काढा. एक मजबूत दोरा मागच्या एक्सलच्या एका खाचेला बांधून पुढे हेडच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून आणा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचे अंतर मोजा. दोन्ही अंतरांत जेवढा फरक येईल, साधारण तेवढीच मागची बाजू मध्यापासून सरकलेली आहे असे समजावे. दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक नव्या सायकलींतही सापडतो, त्याची चिंता नको.

त्यानंतर तडा शोधायचा. फुगवट्याभोवतीचा रंग पॉलिश पेपरने काढून धातू उघडा करा, त्यावर रॉकेल चोळा, अर्ध्या तासाने फडक्याने अगदी कोरडे पुसा आणि फळ्याच्या खडूची पूड भुरभुरा. तडा असल्यास आत शिरलेले रॉकेल बाहेर येऊन खडूवर ओलसर काळी रेघ उमटते. लगच्या कडेलाही हेच करा, कारण जोडाचा टाका सुटला असेल तर तो तिथेच दिसेल.

आर्क वेल्डिंगला माझा विरोध का, तेही सांगतो. आपल्या फ्रेमचे जोड पितळी ब्रेझिंगचे, म्हणजे पितळ वितळवून भरलेले, आहेत. ते काम साधारण 900 अंश सेल्सिअसला होते. नळी लाल होते, पण वितळत नाही. आर्कमध्ये लोखंडच वितळवावे लागते, म्हणजे 1500 अंशांच्या घरात. लगजवळ आर्क लावला की जुन्या पितळेतले जस्त उकळून धूर होतो, वेल्ड सच्छिद्र बसते, आणि पट्टीच्या कडेला नवा तडा जाण्याची जागा आपण स्वतःच तयार करून ठेवतो. तो धूर मिस्त्रीच्या छातीलाही वाईट.

बगळाप्रेमी

वरील तांत्रिक मताशी मी सहमत आहे. मी फक्त किमतीच्या बाजूने लिहितो, कारण भावनेपोटी लोक नको तिथे पैसे घालतात आणि हवे तिथे हात आखडतात.

हबवरचा आकडा हबचे वर्ष सांगतो, फ्रेमचे नव्हे. पण बिल्ल्यावर नॉटिंगहॅम असून बाकीचे भाग जुळत असतील तर सायकल त्याच सुमाराची, इंग्लंडहून आलेली धरायला हरकत नाही. त्याच दशकात आसनसोलला सेन-रॅलीचा कारखाना सुरू झालेला असल्याने आपल्याकडे दोन्ही प्रकारच्या सायकली आढळतात. ही फ्रेम रेनॉल्ड्स 531ची आहे, अशा समजुतीत कृपया राहू नये. ती मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी 1935 पासून शर्यतीच्या आणि हलक्या सायकलींसाठी वापरली जाई. मधोमध तिचा पत्रा पातळ असे आणि ती गरम करताना फार जपावे लागे. कामावर जायच्या काळ्या सायकलीची नळी साधी, जाड आणि सोशिक असते. म्हणजे विक्रीच्या बाजारात आपल्या फ्रेमला फारसे मोल नाही, पण दुरुस्तीच्या दृष्टीने तीच गोष्ट फायद्याची आहे.

खरे मोल हब, रॉड ब्रेकचा पूर्ण संच, चेनकव्हर आणि बिल्ला यांत आहे. दुरुस्ती कराल तर संपूर्ण फ्रेमला पावडर कोटिंग करण्याचा मोह टाळावा. सोनेरी रेघा एकदा गेल्या की गेल्या, आणि नवा जाड थर जुने दोष झाकून टाकतो. जेवढा भाग तापेल तेवढाच काळा करावा.

आणखी एक अडचण चिमट्याची आहे. जुन्या रॅलीच्या चिमट्याला आणि बॉटमला (पेडलचा एक्सल बसतो त्या भागाला) इंचामागे 26 आटे असत. इतर बहुतेक इंग्रजी सायकलींच्या चिमट्याला आणि बॉटमला 24 असत. बाजारातला चिमटा आणताना जुना कप व नट खिशात घेऊन जावे आणि दुकानातच फिरवून पाहावे. जबरदस्तीने बसवलेला नट दोन्हींचे आटे खातो.

गोधनी रोड

माझे मत थोडे वेगळे आहे. नळी बदलणे, चिमटा शोधणे, हेड सरळ आहे की नाही ते तपासणे, या सर्वांत सहा महिने सहज जातील, आणि शेवटी ओल्या रिमांवर हे ब्रेक पुन्हा तसेच लागणार नाहीत. त्यापेक्षा 28 इंची चाकांची, रॉड ब्रेकची एखादी धडधाकट देशी फ्रेम घेऊन आजोबांच्या सायकलचे हब आणि सीट तिला लावावे, आणि मूळ फ्रेम भिंतीवर टांगावी. मी वडिलांच्या सायकलचे तसेच केले. नातेवाईक नावे ठेवतात, पण मी रोज ती चालवतो.

महालवासी

सर्वांचे आभार. लेथवाले काकांनी सांगितल्याप्रमाणे रविवारी अंगणात सगळे मांडून बसलो. दोऱ्याचा फरक दीड मिलिमीटर आला, म्हणजे फ्रेम आडवी वाकलेली नाही. खडूने मात्र खरे काय ते सांगितले. पहिल्यांदा काहीच दिसले नाही; रॉकेल नीट पुसले गेले नव्हते म्हणून पुन्हा पुसले, पुन्हा पूड टाकली, आणि पाच मिनिटांनी फुगवट्याच्या मधोमध केसाएवढी बारीक, नखभर लांबीची आडवी रेघ उमटली. पहार घातली असती तर ती तिथूनच उघडली असती. लगच्या कडा कोरड्या राहिल्या आणि वरच्या दांड्यावर काहीही आले नाही.

गोधनी रोडवरील सदस्यांचा पर्याय व्यवहारी आहे, हे मान्य करतो. परंतु ही एकच नळी गेली असेल तर तिच्यासाठी बाकीची फ्रेम टांगून ठेवायला मन घेत नाही. काका, तिरपी नळी कोणत्या मापाची घ्यावी?

लेथवाला

नखभर रेघ दिसली म्हणजे निर्णय झालाच: ती नळी जाणार, सरळ करण्याचा प्रश्न उरला नाही. या प्रकारच्या फ्रेममध्ये तिरप्या नळीचा बाहेरचा व्यास सुमारे साडेअठ्ठावीस मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचाहून एक सूत कमी असा, साधारण एक पूर्णांक एक अष्टमांश इंच भरतो. तरी कॅलिपरने मोजल्याशिवाय घेऊ नये. नवीन पाइप शोधत बसण्यापेक्षा भंगारातल्या जुन्या देशी फ्रेमची सरळ, न गंजलेली तिरपी नळी कापून घ्यावी. आपला तो भंगारवाला इथे कामी येईल.

ब्रेझिंग करणारा मिस्त्री निवडताना त्याने केलेला एखादा जुना जोड दाखवायला सांगा. पितळ लगच्या कडेभोवती सलग, बारीक दिसले पाहिजे. ढिगासारखे साचले असेल तर नमस्कार करून निघावे. जुनी नळी सोडवण्यापूर्वी हेड, बॉटम आणि मागच्या खाचा जाड पाट्यावर पक्क्या आवळून घ्यायला सांगा, नाहीतर गरम होताच फ्रेम आपली जागा सोडते. काम संपल्यावर दोरा पुन्हा लावा.

आतून गंज लागू नये म्हणून जवसाचे तेल घालावे. नळीत ओतून फ्रेम सगळीकडे फिरवावी, जादा तेल निथळू द्यावे आणि आठवडाभर तसेच ठेवावे. हवेने ते सुकून आतून पापुद्र्यासारखा थर धरते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा मात्र घरात ठेवू नका. त्या आपोआप पेट घेऊ शकतात, आणि आपल्याकडचा मे महिना तर आपण जाणताच. चिमटा सरळ करून वापरू नये, त्याची दांडी मुळाशी तडकलेली असू शकते.

महालवासी

भंगारवाल्याकडे तीन फ्रेम निघाल्या. दोघींच्या नळ्या बॉटमजवळ गंजून खपल्या सुटत होत्या, तिसरीची नळी ठोकल्यावर स्वच्छ वाजली आणि कॅलिपरने मापात बसली. इतवारीत लोहाओळीच्या मागे गॅसवर पितळी काम करणारे एक वृद्ध मिस्त्री सापडले आहेत. त्यांनी दाखवलेला जोड काकांच्या वर्णनाप्रमाणेच होता. दसऱ्यानंतर काम सुरू करणार आहेत. चिमटा मात्र अद्याप मिळालेला नाही. 26 आट्यांचा, 28 इंची चाकाचा, रॉड ब्रेकचे कान शाबूत असलेला चिमटा नागपुरात किंवा कामठीकडे कोणाच्या पाहण्यात आला तर कृपया इथेच कळवावे. कप आणि नट मी पिशवीत घालून तयार ठेवले आहेत.