न्यासाच्या रुग्णालयासाठी प्लेट आणि स्क्रू : सरसकट लॉकिंगच घ्यावे का?

दांडियाबाजारकर, वडोदरा
आमच्या न्यासाच्या छोट्या रुग्णालयात हाडांच्या शस्त्रक्रिया होतात आणि रुग्ण बहुतेक रिक्षाचालक, कारखान्यांतले कामगार किंवा शेतमजूर असतात. विक्रेत्याचा आग्रह आहे की स्टीलच्या साध्या प्लेट बंद करून सगळीकडे टायटॅनियमच्या लॉकिंग प्लेटच (ज्यांत स्क्रूचे डोके प्लेटमध्येच आट्यांनी अडकते) ठेवाव्यात, म्हणजे साठा एकच राहील. रुग्णाचे बिल मात्र त्यामुळे बरेच फुगते. खरेदी माझ्याकडे आहे, मी डॉक्टर नाही. काटकसर कुठे चालते आणि कुठे अंगाशी येते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अस्थिशल्यक
निवड फ्रॅक्चरच्या स्वरूपावरून ठरते. तरुण माणसाच्या कोपराखालची दोन्ही हाडे मधोमध सरळ मोडली असतील, तर ३.५ मिमीची साधी कॉम्प्रेशन प्लेट आणि मोडीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन कॉर्टिकल स्क्रू (हाडाच्या बाहेरच्या कठीण थरात पकड घेणारे साधे स्क्रू) पुरतात. या प्लेटचे भोक लांबट आणि आतून उतरते असते. स्क्रू त्याच्या कडेला घालून आवळला की डोके उतारावरून घसरते आणि हाडाची टोके एकमेकांवर दाबली जातात. हाड घट्ट असताना तिथे लॉकिंग स्क्रू घालणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

लॉकिंग स्क्रूच्या डोक्यावरचे आटे प्लेटमध्येच बसतात, त्यामुळे पकड केवळ हाडावर विसंबून राहत नाही. म्हणून ठिसूळ हाडात किंवा सांध्यालगत चुरा झालेला असेल तेव्हा हा खर्च टाळू नये. खुब्याजवळच्या स्थिर फ्रॅक्चरमध्ये डीएचएस (डायनॅमिक हिप स्क्रू, म्हणजे खुब्यात जाणारा सरकता स्क्रू आणि त्याला जोडलेली प्लेट) हा नेलपेक्षा (हाडाच्या पोकळीत घालायच्या दांड्यापेक्षा) स्वस्त आणि भरवशाचा पर्याय आहे. मोड उलटी तिरकी (आतल्या बाजूने वरून बाहेरच्या बाजूला खाली उतरणारी) असेल किंवा हाडाची बाहेरची भिंत फुटली असेल, तर मात्र नेलच हवा.

भांडारविभाग
बिल वाढते ते मुख्यतः स्क्रूंमुळे, कारण प्लेट एक आणि स्क्रू सहा-आठ, त्यात लॉकिंग स्क्रूचा भाव साध्या स्क्रूच्या कित्येक पट. दोन्ही प्रकारचे स्क्रू घेणारी जोडभोकाची प्लेट मिळते. ती ठेवल्यास शल्यकाला प्रत्येक भोकाचा निर्णय स्वतंत्रपणे घेता येतो.

मात्र लॉकिंग स्क्रू प्लेटच्याच कंपनीचा घ्यावा, कारण आट्यांची घडण कंपनीगणिक वेगळी असते आणि परका स्क्रू आवळल्यासारखा वाटला तरी नीट बसलेला नसतो. स्टीलच्या प्लेटवर टायटॅनियमचे स्क्रू घालू नयेत, गंज धरण्याचा धोका असतो. छापील किमतीवर जाऊ नका. ती आणि खरेदीचा भाव यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. बॅच क्रमांकाचे स्टिकर रुग्णाच्या कागदांवर लावायला लावा, आणि काढलेली प्लेट पुन्हा वापरू देऊ नका, कितीही नवी दिसली तरी.

दांडियाबाजारकर
आभारी आहे. तरुण रुग्णांची प्लेट पुढे काढावी लागल्यास टायटॅनियम सोयीचे, असेही विक्रेता सांगतो.

अस्थिशल्यक
उलटेच आहे. टायटॅनियमचा लॉकिंग स्क्रू प्लेटमध्ये कधी कधी असा जखडतो की त्याचे डोके ड्रिलने उडवावे लागते. पुढे काढण्याचा विचार असेल, तर स्टील बरे. लॉकिंग स्क्रू बसवताना टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, मर्यादित करणारा स्क्रूड्रायव्हर संचात आहे ना, एवढे विक्रेत्याला आवर्जून विचारा. स्वस्त संचांतून तोच हमखास वगळलेला असतो.